पावसाचें माप आणि पावसाचें भाकीत

दरवर्षीं चैत्र-वैशाखांत आपल्या घरीं पावसाविषयीं दोन भाकितें येतात. पहिलें येतें गुढीपाडव्यास. पंचांगपूजन होतें, वडील माणसें संवत्सरफल वाचतात, आणि यंदा पर्जन्य किती आढक, मृगाचें वाहन कोणतें, आर्द्रांचें कोणतें, हें ऐकावयास मुलेंबाळें भोंवतीं जमतात. दुसरें भाकीत एप्रिलच्या मध्यास वर्तमानपत्रांतून येतें. यंदाचा मोसमी पाऊस सरासरीच्या अमुक टक्के होईल, असा हवामान खात्याचा अंदाज त्यांत असतो. पहिल्या भाकितास घरांतील तरुण मंडळी हंसतात आणि दुसऱ्यास वडील मंडळी. पुढें ऑगस्टांत पावसानें ओढ दिली म्हणजे दोन्ही पक्ष एक होतात आणि मिळून हवामान खात्यास हंसतात.

हंसण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु ज्यास हंसावयाचें तें मूळ विधान काय होतें, हें तरी ठाऊक असावें. खात्यानें सांगितलें होतें एक आणि आपण ऐकलें दुसरेंच, असा प्रकार सुशिक्षित घरांतूनहि सर्रास आढळतो. शिवाय हें भाकीत कोठें दूरदेशीं तयार होत नाहीं. त्याची बहुतेक आंकडेमोड आपल्याच शिवाजीनगरांत होते. म्हणून या वेळीं या सदरांत पाऊस मोजतात कसा, त्याचें भाकीत करतात कसें, आणि त्या भाकिताचा अर्थ आपण घरीं कसा लावावा, या तीन गोष्टींचा विचार करूं.

आधीं माप. पाऊस मोजण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, अशी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोष्ठागारापाशीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा, असें सांगितलें आहे. आणि निरनिराळ्या प्रांतीं वर्षाकाठीं किती द्रोण पाऊस पडतो, याचे आंकडेहि दिले आहेत. आपल्या कोंकणचा, म्हणजे अपरांताचा, पाऊस तेथें अमित म्हटला आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत एक हात रुंदीच्या कुंडाचें वर्णन केलें असून, त्यांत पडलेलें पाणी पन्नास पलांच्या आढकानें मोजावें, असें सांगितलें आहे. पाडव्यास आपण जो आढक शब्द ऐकतों, तो मूळचा असा मापाचा शब्द आहे. कालांतरानें माप मागें पडलें आणि शब्द तेवढा उरला.

आजचें पर्जन्यमापक यंत्र याच जातीचें आहे. जुन्या सायमन्स पद्धतीच्या यंत्राचें तोंड पांच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर व्यासाचें असतें. त्यास एक नरसाळें, नरसाळ्याखालीं पाणी सांठविण्याचें पात्र, आणि मोजण्यासाठीं खुणा केलेली कांचेची नळी. यंत्राची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच ठेवितात. जवळचें झाड वा भिंत जेवढी उंच असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तें बसवावें, असा नियम आहे. नाहीं तर आडोशामुळें पाऊस कमी भरतो. दररोज सकाळीं साडेआठास पाणी मोजावयाचें आणि तो आंकडा त्या तारखेस लिहावयाचा. म्हणजे ‘५ जुलैचा पाऊस’ याचा अर्थ ४ तारखेच्या सकाळीं साडेआठापासून ५ तारखेच्या सकाळीं साडेआठापर्यंत पडलेला पाऊस. अडीच मिलिमीटर वा त्याहून अधिक पाणी भरलें, तरच तो दिवस पावसाळी दिवस म्हणून गणतात. दिवसांत ६४.५ मिलिमीटरांवर पाऊस झाला तर तो जोरदार, ११५.६ वर गेला तर अतिजोरदार, आणि २०४.५ वर गेला तर अत्यंत जोरदार.

मिलिमीटर हें माप पुष्कळांस अपरिचित वाटतें. परंतु त्याचा हिशेब फार सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी झालें. पुण्यास वर्षाकाठीं सरासरीनें सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हां शंभर चौरस मीटरांच्या गच्चीवर वर्षांत सुमारें सत्तर हजार लिटर पाणी पडतें. टँकरची वाट पाहणाऱ्या गृहिणींनीं हा आंकडा एकदां मनांत घोळवावा.

आतां एका यंत्रानें एका गांवाचा पाऊस कळला, तरी शेजारच्या गांवाचा कळतोच असें नाहीं. याचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात, थंड होतात, आणि आपलें बहुतेक पाणी माथ्यावर व पश्चिम उतारावर टाकून रिकाम्या हातीं पूर्वेस उतरतात. महाबळेश्वरास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पांचगणी तेथून पांच-सहा कोसांवर, पण तेथें त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाहि पडत नाहीं. आणि घाट उतरून वाईस आलें म्हणजे तो अगदींच थोडा उरतो. लोणावळें आणि पुणें यांतील फरक आगगाडीनें जाणाऱ्या प्रत्येकानें खिडकींतून पाहिलेला आहे. म्हणूनच पावसाची मोजणी एका वेधशाळेनें होत नाहीं. तीस हजारों यंत्रें आणि तीं नेमानें वाचणारीं हजारों माणसें लागतात. महाराष्ट्रांत आतां महसुली मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामानकेंद्रेंहि बसविलीं आहेत. फळबागांच्या हवामानाधारित विम्याची भरपाई मिळावयाची कीं नाहीं, हें मंडळांतील केंद्राच्या आंकड्यावर ठरतें. तेथें यंत्र झाडाच्या आडोशास असलें, किंवा नळींत कचरा अडकला, तर एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न उभा राहतो. माप ही नुसती शास्त्रज्ञांची हौस नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

हें झालें मापाचें. भाकिताचा इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं निघालें आणि हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला मुख्याधिकारी झाला. लगोलग १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. दख्खनमध्यें किती माणसें अन्नावांचून मेलीं, त्याच्या कथा आपल्या पणजोबांच्या पिढीनें ऐकविलेल्या आहेत. अशा वर्षाची सूचना आधीं मिळेल काय, असें सरकारनें ब्लॅनफर्डास विचारलें. त्यानें हिमालयावरील बर्फाचा अभ्यास केला. वसंतांत बर्फ फार व दीर्घकाळ राहिलें, तर पुढचा पाऊस उणा होतो, असें त्यास दिसलें. त्या आधारावर कांहीं वर्षें प्रयोग करून ४ जून १८८६ रोजीं त्यानें पहिलें रीतसर मोसमी भाकीत प्रसिद्ध केलें. त्याच्या मागून आलेल्या जॉन एलियटनें बर्फाच्या जोडीस हिंदी महासागर व ऑस्ट्रेलिया येथील हवेची स्थितीहि घेतली. परंतु १८९९ चा भीषण दुष्काळ त्याच्या भाकितांत दिसला नाहीं. लोकांनीं व वर्तमानपत्रांनीं कडक टीका केली, आणि पुढें कांहीं वर्षें हीं भाकितें लोकांपुढें न ठेवतां सरकारी कामापुरतींच गुप्त ठेवण्यांत आलीं.

१९०४ सालीं गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती या खात्याचा प्रमुख झाला. हवामानाचें शास्त्र तो शिकलेला नव्हता. परंतु आंकड्यांशीं त्याचें सख्य होतें. पाऊस का पडतो, हें कळेपर्यंत थांबण्याऐवजीं, जगांतील कोणत्या ठिकाणची कोणती गोष्ट आपल्या पावसाबरोबर कमीजास्त होते, हें त्यानें गणितानें शोधावयास घेतलें. १९०९ च्या त्याच्या सूत्रांत चार गोष्टी होत्या : मेअखेरचा हिमालयावरील बर्फ, दक्षिण अमेरिकेंतील वसंतकालचा वायुभार, झांझिबारचा एप्रिल-मेमधील पाऊस, आणि मॉरिशस बेटाचा मे महिन्यांतील वायुभार.

बारामतीच्या बाजरीचा झांझिबार आणि मॉरिशस यांशीं काय संबंध, असें कोणीहि विचारील. मॉरिशसचा संबंध तरी अगदीं निकटचा आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मॉरिशस व आसपासच्या बेटांच्या दक्षिणेकडील समुद्रावर, आपल्या उन्हाळ्यांत हवेचा दाब वाढलेला असतो. तेथून निघालेला वारा वायव्येस वाहत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या भ्रमणामुळें उजवीकडे वळतो, आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन नैर्ऋत्येचा वारा होऊन आपल्या सह्याद्रीवर आदळतो. पुण्याच्या पागोळ्यांतून ओघळणाऱ्या पाण्याचा प्रवास असा मॉरिशसच्या बाजूस सुरू झालेला असतो.

त्या बेटाशीं आपलें दुसरेंहि नातें आहे. एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतून, विशेषतः कोंकणांतून, अनेक कुटुंबें उंसाच्या मळ्यांवर काम करण्यास तेथें गेलीं. त्यांच्या वंशजांनीं आपली भाषा व गणेशोत्सव जतन केला असून, गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुट्टी असते. त्यांचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपल्या अगदीं उलट. परंतु बेटाची रचना पाहतां त्यांस सह्याद्रीची आठवण होत असेल. तेथें वारा आग्नेयेकडून येतो, पूर्वेचे उतार व मधलें पठार यांस भरपूर पाऊस देतो, आणि पश्चिम किनारा बराच कोरडा राहतो. तेथील हवामान खातेंहि दर मोसमाच्या आरंभीं पुढील पावसाचा अंदाज प्रसिद्ध करतें. कारण ऊंस आणि तलावांतील पिण्याचें पाणी हीं दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. लहानशा बेटावरहि एका बाजूस पूर आणि दुसऱ्या बाजूस टंचाई होऊं शकते, हें लक्षांत ठेवावें; पुढें त्याचा उपयोग आहे.

वॉकरनें जगभरचे आंकडे चाळीत असतां एक मोठी गोष्ट शोधून काढली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला म्हणजे हिंदी महासागराच्या बाजूस उतरतो, आणि तिकडे उतरला म्हणजे इकडे चढतो. जणूं एक प्रचंड तराजू दोन समुद्रांवर टांगलेला आहे. यास त्यानें ‘दक्षिणी आंदोलन’ असें नांव दिलें. पुढें १९६९ सालीं जेकब बियर्कनेस यानें दाखविलें कीं, या आंदोलनाची जोड पेरू देशाच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत समुद्राचें पाणी अधूनमधून तापण्याशीं आहे. हें तापणें नाताळाच्या सुमारास दिसून येतें, म्हणून तेथील कोळी त्यास बाळ येशूच्या नांवानें ‘एल् निन्यो’ म्हणत. आज आपल्या वर्तमानपत्रांत ज्याचें भय घातलें जातें, तो हाच. एल् निन्योच्या वर्षीं आपला पाऊस उणा होण्याचा संभव वाढतो, हें खरें. परंतु संभव वाढणें म्हणजे ठरून जाणें नव्हे. १९९७ सालीं विसाव्या शतकांतील अत्यंत प्रबळ एल् निन्यो होता, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. उलट २००२ चा एल् निन्यो मध्यम, पण पाऊस ८१ टक्केच.

१९२८ सालीं खात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. म्हणूनच शिवाजीनगरांतील त्या मनोऱ्याच्या इमारतीस ‘शिमला ऑफिस’ म्हणतात आणि तेथील चौकासहि तेंच नांव पडलें. पुढें १९४४ मध्यें मुख्य कचेरी दिल्लीस गेली, तरी देशभरच्या हवामानाच्या नोंदींचें भांडार आणि दीर्घ मुदतीच्या भाकिताचें काम पुण्यासच राहिलें. १९६२ मध्यें उष्णप्रदेशीय हवामानाच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था येथेंच निघाली. ती आतां पाषाण येथें आहे. १८७१ पासूनच्या पावसाची ३०६ ठिकाणांच्या नोंदींवरून जुळविलेली जी अखंड मालिका जगभरचे अभ्यासक वापरतात, ती याच संस्थेंत तयार झाली.

१९८८ सालीं, पुढें पुणें विद्यापीठाचे कुलगुरु झालेले डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकारानें सोळा घटकांवर आधारलेलें नवें सूत्र अमलांत आलें. त्यानंतर बारा-तेरा वर्षें देशाचा पाऊस फारसा बिघडला नाहीं, आणि सूत्रावरील विश्वास दृढ झाला. मग आलें २००२ सालचें संकट. भाकीत होतें १०१ टक्क्यांचें. जून ठीक गेला. शेतकऱ्यांनीं पेरण्या केल्या. आणि ऐन जुलैंत, जो महिना सर्वांत ओला असावयाचा, पाऊस निम्म्यावर आला. कोंभ करपले. ज्यांच्याजवळ दुसऱ्या पेरणीचें बियाणें नव्हतें, त्यांनीं कर्ज काढलें. हा पाऊस चुकणार, हें कोणाच्याच सूत्रांत आलें नव्हतें.

येथें एक गोष्ट मनास लावून घेण्यासारखी आहे. २००२ चें भाकीत चुकलें, हें आपणांस कळलें कशावरून? तर त्याच खात्याच्या पर्जन्यमापकांवरून. आपली चूक मोजण्याचें साधन खात्यानें स्वतःच उभारलें होतें आणि दोन्ही आंकडे लोकांपुढें मांडले. मग जुनें सूत्र बाजूस ठेवून २००३ मध्यें नवीं सूत्रें आणलीं. २००७ मध्यें तींहि बदललीं. आणि २०२१ पासून समुद्र व वातावरण यांचें एकत्र गणित करणाऱ्या अनेक पद्धतींचा मेळ घालून भाकीत देतात. त्यासाठीं पाषाणच्या संस्थेंत २०१८ मध्यें ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्यें ‘अर्क’ हे महासंगणक बसले. उपग्रह समुद्राचें तापमान पाहतात. समुद्रांत सोडलेलीं तरंगतीं यंत्रें आंतील पाणी मोजतात. तरीहि २००९ मध्यें ९६ टक्क्यांच्या भाकितावर पाऊस ७८ टक्क्यांच्या आंतबाहेरच झाला. निसर्ग अजून गणिताच्या पुष्कळ पुढें आहे.

उलट वाहनांचें पाहा. सूर्यनक्षत्र व चंद्रनक्षत्र यांच्या अंतरास नवांनीं भागून जी बाकी उरते, तीवरून मेंढा, बेडूक, उंदीर वगैरे ठरतात. रत्नागिरीस जो बेडूक, सोलापुरासहि तोच बेडूक. मागच्या पन्नास वर्षांत कितीदां बेडूक आला आणि त्या वेळीं आपल्या गांवीं प्रत्यक्ष किती पाऊस पडला, याची वही कोणी ठेविलेली नाहीं. म्हणून तें भाकीत खरें ठरत नाहीं आणि खोटेंहि ठरत नाहीं. नक्षत्रांची गोष्ट मात्र निराळी. सूर्य मृगांत ७-८ जूनच्या सुमारास येतो आणि पाऊसहि आपल्याकडे त्याच सुमारास येतो. पेरणीची तिथि चांद्रमासावर न ठेवतां सूर्यनक्षत्रावर ठेवण्यांत आपल्या शेतकऱ्यांनीं मोठें शहाणपण दाखविलें आहे. अधिक मासानें त्यांत गोंधळ होत नाहीं. फक्त निरयन गणनेमुळें मृगाचा दिवस ऋतूंच्या मानानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतो. वराहमिहिराच्या काळीं तो सुमारें वीस दिवस अलीकडे होता. पंचांग हें कालगणनेचें उत्तम साधन आहे. त्यास पर्जन्यमापकाचें काम सांगूं नये.

आतां खात्याचें भाकीत घरीं कसें वाचावें, तें पाहूं.

पहिली गोष्ट. एप्रिलमध्यें जो टक्क्यांचा आंकडा येतो, तो सबंध देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चारहि महिन्यांचा मिळून असतो. देशाची सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ८७ सेंटिमीटर धरली आहे. पूर्वीं १९५१ ते २००० वरून ती ८९ धरीत. म्हणजे ज्या गजानें आपण मोजतों, तो गजहि अधूनमधून बदलतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या या एका आंकड्यांतून आपल्या तालुक्याचें भविष्य काढूं जाणें, म्हणजे बेडूक रत्नागिरीस व सोलापुरास सारखाच लावण्यासारखें आहे. वाहनांस हंसणाऱ्या तरुणांनीं या बाबतींत विशेष सावध राहावें.

दुसरी गोष्ट. ‘सर्वसाधारण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. देशाच्या बाबतींत ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला, तर तो सर्वसाधारण. परंतु मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, कोंकण-गोवा अशा एकेका विभागाच्या बाबतींत सरासरीहून १९ टक्के कमी किंवा १९ टक्के जास्त झाला, तरीहि तो सर्वसाधारणच. क्षेत्र जेवढें मोठें, तेवढी एका ठिकाणची तूट दुसऱ्या ठिकाणच्या वाढीनें भरून निघते; म्हणून मोठ्या क्षेत्रास अरुंद पट्टी आणि लहानास रुंद.

तिसरी गोष्ट. एप्रिलच्या आंकड्यापुढें ‘पांच टक्के कमी किंवा अधिक’ अशी मर्यादा लिहिलेली असते. मेअखेरच्या सुधारित भाकितांत ती चार टक्क्यांवर येते. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत ही मर्यादा बहुधा गळते. तसेंच नकाशांत ‘या भागीं सरासरीहून अधिक पाऊस होण्याची शक्यता ५५ टक्के’ असें असलें, तर तसा न होण्याची शक्यता ४५ टक्के आहे, हें त्यांतच सांगितलेलें असतें. घरांत वडील माणूस आजारी असतां वैद्य ‘बहुधा उतार पडेल’ म्हणाला, तरी आपण औषध आणून ठेवितोंच ना? तसेंच हें.

चौथी गोष्ट. बेरीज बरोबर आली, तरी वांटणी बरोबर येईल असें नाहीं. २०२५ सालचें उदाहरण ताजें आहे. सुधारित भाकीत १०६ टक्क्यांचें होतें आणि पाऊस झाला १०८ टक्के. म्हणजे भाकीत उत्तम जमलें. परंतु त्याच वर्षीं मोसमी वारे केरळास १ जूनऐवजीं २४ मे रोजींच पोंचले आणि दोन दिवसांनीं मुंबईस आले. ईशान्येकडील प्रांतांत पाऊस सरासरीहून पुष्कळ उणा राहिला. आणि सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें व जमिनीची मातीसुद्धां वाहून गेली. धाराशिव किंवा बीडच्या शेतकऱ्यास ‘भाकीत बरोबर आलें’ असें सांगावयास कोण धजेल? तरीहि तें बरोबर होतें. देशाच्या धान्याच्या सांठ्याविषयीं विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर होतें. त्याच्या शेताविषयीं नव्हतें.

मग शेताविषयीं उत्तर कोठें मिळावें? तें त्या त्या आठवड्याच्या अंदाजांत, आणि शेवटीं बांधावरच्या यंत्रांत. पहिल्या सरीवर पेरूं नये, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत ओल पुरेशी उतरल्यावरच पेरावें, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. हा सल्ला पाळावयाचा, तर मिलिमीटर मोजतां आले पाहिजेत. ढगांचा गडगडाट ऐकून आणि अंगण ओलें पाहून ‘झाला असेल चांगला पाऊस’ असें म्हणणारा मनुष्य वीस मिलिमीटरांवर पेरून बसतो, आणि पुढें पंधरा दिवस उघडीप पडली म्हणजे दुबार पेरणीच्या खर्चांत सांपडतो. आपल्यापैकीं अनेकांच्या गांवीं अजून वडिलोपार्जित जमिनी आहेत. आपण शहरांत, आणि कसणारा तेथें. त्यास पत्रानें वा दूरध्वनीवरून भाकिताचा मथळा कळविण्यापेक्षां, एक चांगलें पर्जन्यमापक विकत घेऊन पाठविलें, तर त्याचें अधिक हित होईल.

शहरांतील घरीं तर हें अगदीं अल्प खर्चांत साधेल. सपाट बुडाचा, सरळ बाजूंचा कोणताहि डबा किंवा कांचेची बरणी घ्यावी. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचें असावें, एवढीच अट. मग डबा लहान असो कीं मोठा, आंतील पाण्याची उंची सारखीच भरते. मोठ्या तोंडांतून अधिक पाणी पडतें, पण तें पसरतेंहि अधिक जागेवर. मुलांस ही गोष्ट प्रथम खरी वाटत नाहीं. दोन निरनिराळे डबे शेजारीं ठेवून त्यांनाच पडताळा घेऊं द्यावा. डबा गच्चीच्या मधोमध, कठड्यापासून दूर, वाऱ्यानें कलंडणार नाहीं असा ठेवावा. सकाळीं साडेआठास पट्टीनें पाणी मोजून डबा रिकामा करावा आणि तारीख घालून आंकडा वहींत लिहावा. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. जागा कोरी सोडूं नये. शून्य हीहि नोंदच आहे, आणि कोरी जागा म्हणजे आपण विसरलों, एवढेंच ती सांगते.

हें काम एका माणसाचें नव्हे. मोठ्या कुटुंबांत कोणी परीक्षेस बसलेला असतो, कोणी माहेरीं गेलेली असते, कोणी आजारी पडतो. तेव्हां वही घराची असावी, व्यक्तीची नसावी. आजोबांनीं पंचांगांतून नक्षत्र सांगावें, नातवानें माप घ्यावें, सुनेनें वा लेकीनें महिन्याची बेरीज करावी. मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य असे रकाने पाडून प्रत्येक नक्षत्रांत किती मिलिमीटर झाला, हें लिहिलें, तर जुनें ज्ञान व नवें माप यांची एकाच पानावर गांठ पडेल. वाटल्यास वाहनाचाहि एक रकाना ठेवावा. दहा वर्षांनीं बेडकाची परीक्षा आपोआपच होईल, आणि त्यावरून घरांत भांडण करण्याचें कारण उरणार नाहीं.

अशा वहीचा लाभ पहिल्या वर्षीं दिसावयाचा नाहीं. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं मात्र ‘पूर्वीं असा पाऊस पडत नसे’ असें कोणी म्हणालें, तर तें खरें कीं खोटें, हें पान उघडून पाहतां येईल. खडकवासल्याचें पाणी केव्हां वाढूं लागतें, आपल्या गच्चीवरचा पाऊस आणि वेधशाळेचा शिवाजीनगरचा आंकडा यांत किती अंतर पडतें, कोथरूडास झाला तेव्हां हडपसरास झाला कीं नाहीं, असे प्रश्न मुलांस आपोआप सुचूं लागतील. यंदा मृग लागण्यापूर्वीं डबा आणि वही तयार ठेवावी. ज्या घरीं पावसाळाभर नोंद नीट होईल, त्यांनीं आश्विनांत आपले आंकडे आम्हांकडे जरूर धाडावे. पुण्यांतील निरनिराळ्या पेठांचा व उपनगरांचा पाऊस शेजारीं शेजारीं मांडून याच सदरांत पाहतां येईल.